विहिरीवरची ती बाई आणि पंडिता रमाबाई

आमच्या घरी दिवेलागण झाली की पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, हा आजोबांच्या वेळेपासूनचा नेम आहे. आजोबांना वाचता येत नव्हते, आजीला येत नाही, आई अक्षरे लावून लावून वाचते. मी चौथीत गेले आणि वाचनाचे काम माझ्याकडे आले. तेव्हापासून चारही शुभवर्तमाने मी कितीदा वाचली असतील याचा हिशेब नाही. माझा उच्चार स्वच्छ आहे असे पाळकसाहेबही म्हणतात. पण वाचणे आणि उच्चारणे यांत अंतर आहे, हे मला या वर्षी कळले. इतिहासाच्या सरांनी ट्यूटोरियलसाठी पंडिता रमाबाई हा विषय दिला आणि मी ग्रंथालयातून त्यांचे चरित्र घरी नेले, त्यामुळे हे घडले.

रमाबाईंची हकिकत आपण शाळेत थोडीफार वाचलेली असते. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान; पण पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्याच आईने पुढे भल्या पहाटे उठवून रमेला श्लोक शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. रमा सोळा-सतरा वर्षांची असताना दुष्काळाने गाठले आणि वडील, आई, थोरली बहीण अशी काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊही वारला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, विवाह केला. १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात मनोरमा ही लहानगी मुलगी आणि वय अवघे तेवीस! एवढी दुःखे चार ओळींत सांगून टाकताना मला संकोच वाटतो. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या वाचनाविषयी.

पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी कुतूहलाने वाचली. पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, इंग्रजी शिकण्यास आरंभ केला, आणि नवा करारही वाचू लागल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे जोगिणींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या दरम्यानचा एक प्रसंग मी दोनदा वाचला, मग पुस्तक मिटून बसले. मठातील भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे एक आश्रम चालवीत. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आधार मिळे. रमाबाई तो पाहण्यास गेल्या. ज्यांची सावलीही घेऊ नये असे लहानपणापासून कानांवर आले होते, त्या स्त्रियांशी येथे कोणी मायेने वागत होते. हे का, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची गोष्ट!

ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भर दुपारी एक बाई याकोबाच्या विहिरीवर एकटीच पाणी भरण्यास येते. प्रवासाने थकलेला येशू तेथे बसलेला असतो. तो तिच्याजवळ पाणी मागतो. ती परजातीची, पाच नवरे झालेली, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तोही तिचा नवरा नव्हे. हे सारे ठाऊक असून तो तिला हिणवत नाही. उलट देवाची उपासना कोठे आणि कशी करावी हा पंडितांनी करावा असा वाद तो तिच्याशी करतो. शेवटी ती घागर तेथेच ठेवून गावात धावत जाते. रमाबाईंनी ही गोष्ट देवाची म्हणून ऐकलीच. पण त्या बाईचीही म्हणून ऐकली, असे मला वाटते. हा देव स्त्रीला उभे करणारा आहे, एवढे त्यांना तेथे उमगले.

मात्र त्या मुकाट्याने मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतरही पटणार नाही ते त्या मान्य करीत नसत. आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातले. शाकाहार सोडला नाही. आमच्याकडे शास्त्रावर प्रश्न विचारणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे समजतात. आजीपुढे मी हे पत्रांचे प्रकरण सांगितले नाही.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. तेथील गोदूबाई या विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. त्याच वर्षी सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. सरांचे मत असे की, धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन दिले होते, तेव्हा टीकाकारांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. मी त्यांच्याशी वाद घातला. पण त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे खोडता आला नाही, हे येथे कबूल करते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. पुणे-दौंड मार्गावरील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सारे बायकाच चालवीत. आणि तेथेच फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅममध्ये ऐकलेला अध्याय केडगावात विटामातीचा झाला!

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. संस्कृतवर एवढे प्रभुत्व असलेली ही बाई. पण रूढ मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने शेतावरच्या बाईला कळत नाही, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत ते नव्याने केले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनातील मुलींनी केले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. हे वाचताना मला आजी आठवली. मी वाचत असताना ती मध्येच अडवून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते आणि मी वैतागून पुढे जाते. एक पंडिता जिच्यासाठी म्हातारपणी दोन भाषा शिकली, ती ही माझी आजी! आणि मला अर्धा मिनिट थांबणे जड होते.

आता जे सांगायचे आहे ते लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. माझी ताई दीड वर्षापूर्वी सासरहून परत आली, ती तिच्या मुलाला घेऊनच. का आली हे घरात सर्वांना ठाऊक आहे. बाबा म्हणतात, मार्ग काढून परत पाठवू. मी वर काही बोलत नसे. पण तिने जावे असे मलाही मनातून वाटे. ती राहिली तर माझे शिक्षण थांबेल, लोक आमच्या घराला नावे ठेवतील, अशी भीती होती. आमच्या आळीत पाण्यासाठी एकच हापसा आहे. बायका सकाळी तेथे रांग लावतात. ताई मात्र दुपारी एकच्या सुमारास, कोणी नसताना जाते. मला वाटे, तिला उन्हाचे काही वाटत नसेल.

चरित्र वाचले त्या संध्याकाळी मी आपण होऊन योहानाचा चौथा अध्याय काढला. सहाव्या ओवीपाशी, दुपारच्या वेळेचा उल्लेख आला तेथे, माझा आवाज अडला. हा अध्याय मी उपासनेतही वाचलेला, सर्वांनी वाखाणलेला. ताई भिंतीला टेकून मुलाला थोपटत होती. आजीने विचारले, का थांबलीस? मी काही बोलले नाही. पुढे वाचले.

दिवाळीच्या सुट्टीत मी ताईला सकाळी हापशावर चल म्हटले. ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी आली. आम्ही गेलो तेव्हा बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. एकीने आपला हंडा उगाच पुढे सरकवला. ताईने पदर सारखा केला आणि आमची घागर रांगेत ठेवली. मी दांडा मारायला पुढे झाले, तर ती म्हणाली, मला मारू दे. बाबांचा निर्णय अजून झालेला नाही. सुट्टी संपून मी वसतिगृहावर परत आले आहे. ताई आता कोणत्या वेळी पाण्याला जाते हे मला येथून कळत नाही. आईला फोनवर विचारायचे आहे.