आधी देव : पंडिता रमाबाईंचे जीवन

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीची ओळख करून द्यावी असे मनात आले, तेव्हा पंडिता रमाबाईंचेच नाव डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठी काढलेले शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन यांविषयी आपण थोडेफार ऐकलेले असते. परंतु हे सारे कार्य ज्या पायावर उभे होते, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो पाया म्हणजे आयुष्यात पहिली जागा देवाची, बाकी सर्व त्याच्या मागून. ख्रिस्ती धर्मात या शिकवणीला फार मोठे स्थान आहे. अन्नवस्त्राची चिंता करीत बसू नका, आधी देवाच्या मार्गाला लागा, उरलेले तो पाहून घेईल, असे येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकविले. ऐकायला हे सोपे वाटते. आचरणात आणू गेले म्हणजे काय काय सोडावे लागते, हे रमाबाईंच्या चरित्रावरून कळते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून लोकांनी त्यांना दोष दिला, तेव्हा त्यांनी रानात जाऊन बिऱ्हाड थाटले. पण शिकविणे सोडले नाही. पुढे आई लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे उठून आपल्या मुलीला संस्कृत शिकविले. लहान वयातच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत गावोगाव हिंडे. जवळचा पैसा दानधर्मात आणि देवकार्यात संपला. त्यातच मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७४ साली वडील उपासमारीने गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या लाडक्या मुलीला जवळ घेतले, सन्मार्ग सोडू नकोस आणि देवाची सेवा करीत राहा असे सांगितले, आणि तिला देवाच्या हाती सोपविले. थोड्याच दिवसांत आईही गेली, मग मोठी बहीण गेली. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या तरी वडिलांचे हे शेवटचे सांगणे त्या कधी विसरल्या नाहीत. देवासाठी सर्वस्व द्यायचे असते, हा धडा त्यांनी प्रथम आपल्या हिंदू आईबापांच्याच घरी गिरविला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई अशी दोघे भावंडे उरली. अर्धपोटी, अनवाणी चालत त्यांनी सारा देश पालथा घातला आणि १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे जयजयकार झाला. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. मुलगी मनोरमा झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने गेले. वय तेवीस वर्षांचे, कडेवर तान्ही पोर, माहेर नाही आणि सासरचाही आधार नाही. त्या काळच्या विधवेची दशा आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकलेली आहे. निराळे काय ते सांगायला नको.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. पुढे १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी नीट ऐकू येईना म्हणून वैद्यकी राहिली. तेथे वाँटेज गावी जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. समाजाने पतित ठरविलेल्या बायकांना या जोगिणी मायेने सांभाळतात, त्यांची सेवा करतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनाने ठाव घेतला. अशा स्त्रियांना जवळ करणारा येशू त्यांना आपला वाटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे पुष्कळांची अशी समजूत होते की एकदा धर्म बदलला आणि काम झाले. रमाबाईंचे तसे नव्हते. ज्यांनी आसरा दिला त्या जोगिणींशीही त्यांचा पुष्कळ वाद झाला. धर्मगुरू सांगतात म्हणून मान डोलवायची, हे त्यांना पटेना. त्या स्वतः बायबल वाचीत, स्वतः विचार करीत आणि मनाला पटेल तेवढेच मानीत. मांसाहार त्यांनी केला नाही, आपला पांढऱ्या लुगड्याचा वेष टाकला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्यांच्या लेखी देव पहिला होता, आणि त्याची जागा साहेबाच्या रीतिरिवाजांना द्यायला त्या तयार नव्हत्या.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाच्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. तेथे त्यांनी हिंदी विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बोस्टनच्या सज्जनांनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्माची सक्ती करायची नाही, मुलींना आपापल्या चालीरीती पाळू द्यायच्या, असे ठरले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार होती. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई, याच सदनात शिकल्या.

खरी कसोटी १८९३ साली लागली. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन रोज सकाळी प्रार्थना करीत. दार उघडेच असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि बाहेरही काढले नाही. गावात याचा बोभाटा झाला. केसरीने कडाडून टीका केली. सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीसपंचवीस मुलींना पालक घरी घेऊन गेले.

पालकांचा राग समजण्यासारखा होता. आपली मुलगी शिकायला पाठविली आणि तिचा धर्मच गेला तर काय, ही भीती कोणत्याही आईबापाला वाटणारच. सल्लागारांनाही वचनभंग झाला असे वाटले. उलट रमाबाईंपुढे एकच प्रश्न होता. दार लावून घेतले असते, तर सदन वाचले असते, प्रतिष्ठा वाचली असती. पण लोक काय म्हणतील म्हणून देवापुढे चोरून बसायचे, हे त्यांना जमले नाही. ज्या कामासाठी सातासमुद्रापलीकडे जाऊन पैसा जमविला, ते कामही त्यांनी देवाच्या खालीच ठेवले. दार उघडेच राहिले. त्यांचे बरोबर की चूक, यावर आजही दोन मते होतील. पण त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, हे कोणी नाकारणार नाही.

या सुमारास त्यांच्या मनातही मोठा पालट झाला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताला पुरते ओळखलेच नाही. त्यानंतर प्रार्थना ही त्यांची नित्याची शिदोरी झाली. कोणतेही काम काढायचे तर आधी देवाला विचारायचे आणि मग पाऊल टाकायचे.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. दुष्काळाच्या त्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपले आईबाप आठवले. हाती फारसा पैसा नव्हता, राहायला पुरेशी जागा नव्हती. तरी तीनशे मुली वाचवायच्या असा देवाचा आदेश समजून त्या निघाल्या आणि मध्यप्रांतातील अन्नछत्रांतून, रस्त्यांवरून हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. इतक्यात पुण्यास प्लेग आला आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. तेव्हा पुणे जिल्ह्यात केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेण्यात आले. तेच मुक्ती सदन. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो जणी आल्या आणि सदनातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली.

घरात चार पाहुणे वाढले तरी पीठ पुरेल का, या काळजीने आपली झोप उडते. इथे रोज दोन हजार ताटे! बोस्टनच्या मंडळींनी कबूल केलेली दहा वर्षांची मुदतही १८९८ साली संपली होती. रमाबाईंनी दारोदार वर्गणी मागितली नाही. त्या देवाजवळ मागत आणि मग पदर खोचून कामाला लागत. देवाला पहिली जागा दिली म्हणजे हात जोडून स्वस्थ बसायचे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. मुली विणायला, शिवायला, तेल काढायला शिकल्या; छापखान्यात खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन झाले, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकविण्याची सोय झाली. ज्या बाईकडे कोणी बघत नसे, तिला तिथे जागा होती.

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. खेड्यातल्या साध्या बाईलाही देवाचे वचन स्वतः वाचता यावे, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत बायबल उतरविले. ज्या बाईला पंडितांच्या सभेने डोक्यावर घेतले होते, तिने आपली सारी पंडिताई माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईसाठी खर्ची घातली, हे मला फार मोठे वाटते.

अखेरची कसोटी आईपणाची होती. मनोरमा उच्च शिक्षण घेऊन आईचा उजवा हात झाली होती. आपल्यामागे कार्य तीच सांभाळील, असे सर्वांना वाटे. २४ जुलै १९२१ रोजी ती वारली. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. देवाचे इतके केले आणि देवाने हे फळ दिले, असे आपल्यापैकी कोणीही म्हटले असते. रमाबाईंनी दुःख गिळले, प्रार्थना सोडली नाही आणि हातातले भाषांतराचे काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्यामागे १९२४ साली छापून पुरे झाले. मुक्ती सदन आजही चालू आहे.

भगिनींनो, स्वयंपाक झाला की आपण पहिले ताट नैवेद्याचे वाढतो. ख्रिस्ती घरात घास उचलण्याआधी देवाचे आभार मानतात. देवाला पहिले ताट दिले म्हणून घरातले कोणी उपाशी राहत नाही. उलट सर्वांनी एकत्र बसावे, कोणाला कमी पडू नये, अशी बुद्धी त्यातूनच होते. देवावर सर्व जिवाने प्रेम करा आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखेच, या ख्रिस्ताच्या दोन आज्ञा. पहिली खरी पाळली म्हणजे दुसरी आपोआप हातून घडते, हेच केडगावात दिसून आले.

आपले बोरगाव मेघे वर्ध्याला लागूनच आहे. सेवाग्रामला सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हणण्याची परंपरा आहे, तर पवनारच्या विनोबांनी ख्रिस्ती धर्माचे सार काढून ठेवले आहे. तेव्हा कोणी कोणत्याही धर्माची असो, रमाबाईंचे हे चरित्र आपणा सर्वांचेच आहे. आपल्याला दोन हजार ताटे वाढायची नाहीत. पण रोजच्या घाईत, लोक काय म्हणतील याच्या आधी देवाला काय आवडेल एवढे मनाशी विचारता आले, आणि त्यातून शेजारच्या एखाद्या एकट्या पडलेल्या बाईचे दार ठोठावता आले, तरी पुष्कळ झाले. तेवढी बुद्धी आम्हा सर्वजणींना होवो, हीच या वर्धापनदिनी प्रार्थना.