माशातला जंत, बाप-लेक आणि अंड्याचं कोडं : एदुआर व्हान बेनेडन यांची ओळख



जंतनाशक दिनाला आपण शाळेत मुलांना गोळ्या देतो. मागच्या वेळी गोळी चघळता चघळता चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, जंत पोटात येतात कुठून? ते आपोआप होतात का?" मी तिला हात धुणे, नखं कापणे वगैरे नेहमीचं सांगितलं. पण जंत होतो कसा, हे काही मला नीट सांगता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा बेल्जियममधल्या एका बाप-लेकाची गोष्ट हाती लागली. या दोघांचं आयुष्य याच प्रश्नामागे गेलं होतं.

वडिलांचा वारसा

एदुआर व्हान बेनेडन यांचा जन्म 1846 साली बेल्जियममधल्या लुव्हेन या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील पिएर-जोसेफ तिथेच प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. सासरच्या मंडळींचा ऑस्टेंड बंदरावर कालवांचा व्यवसाय होता. त्या जागेत पिएर-जोसेफ यांनी 1843 मध्ये समुद्री प्राण्यांच्या अभ्यासासाठी छोटी प्रयोगशाळा थाटली. कोळ्यांनी आणलेले मासे ते चिरून बघायचे. माणसं मासा चिरतात ती खाण्यासाठी, हे चिरायचे ते आतले जंत शोधण्यासाठी!

त्या काळी बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही वाटायचं की पोटातले जंत शरीरातच आपोआप तयार होतात. पिएर-जोसेफ यांनी दाखवलं की साध्या माशांच्या अंगात दिसणारे अर्धवट वाढलेले कृमी आणि मुशी, पाकट अशा माशांच्या आतड्यातले लांब पट्टकृमी हे वेगवेगळे प्राणी नाहीत. एकाच प्राण्याच्या त्या दोन अवस्था आहेत. मोठा मासा छोट्याला खातो आणि त्याच्यासोबत जंतालाही पोटात घेतो. म्हणजे जंत आपोआप होत नाही, तो कुठून तरी येतो.

अशा घरात एदुआर वाढले. जंत कोणत्या प्राण्यातून येतो, हे वडिलांनी शोधलं. मुलाने त्याच्या एक पायरी खाली जायचं ठरवलं : तो कोणत्या पेशीतून येतो?

अंडं म्हणजे नेमकं काय?

सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, हे तेव्हा मान्य होऊ लागलं होतं. पण अंड्याचं काय? अंडं ही एक पेशी की पुष्कळ पेशींचा गठ्ठा, यावर शास्त्रज्ञांत वाद होता. वादाचं एक मोठं कारण होते हेच चपटे कृमी.

माशाच्या कल्ल्यांना चिकटून किंवा आतड्यात राहणारे हे कृमी बहुधा उभयलिंगी असतात. एकाच शरीरात वृषणही असतात आणि अंडाशयही. पण त्यांची मादी अवयवांची रचना आपल्या ओळखीच्या प्राण्यांपेक्षा वेगळी असते. अंडाशय लहान असतो. त्यातल्या पेशींमध्ये मोठं केंद्रक दिसतं, पण अन्नसाठा जवळजवळ नसतोच. शरीराच्या दोन्ही बाजूंना मात्र ग्रंथींचे पुंजके पसरलेले असतात. त्यांतल्या पेशी पीतकाने, म्हणजे बलकासारख्या अन्नाने, भरलेल्या असतात. शेवटी एका छोट्या कप्प्यात अंडाशयाकडची एक पेशी आणि ग्रंथींकडच्या पीतक-पेशी एकत्र येतात आणि त्यांच्याभोवती कवच तयार होतं.

म्हणजे एका कवचात अनेक पेशी! मग अंडं कोणाला म्हणायचं?

एदुआर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अवयव वेगवेगळे तपासले आणि उत्तर दिलं : खरं अंडं ही एकच पेशी आहे, अंडाशयातून आलेली. बाकीच्या पेशी म्हणजे तिची शिदोरी. मुलांच्या भाषेत सांगायचं तर सहलीला निघालेलं मूल एकच असतं, सोबत डबे कितीही असोत. डबे मोजून कोणी मुलं मोजत नाही.

मग त्यांनी हीच नजर खेकड्यांच्या वर्गातल्या कवचधारी प्राण्यांकडे, पक्ष्यांकडे आणि सस्तन प्राण्यांकडे वळवली. कोंबडीच्या अंड्यात बीज आणि बलक एकाच पेशीत असतात, चपट्या कृमीत ते वेगवेगळ्या पेशींत असतात. पण बीज कोणतं आणि अन्न कोणतं, हा भेद सगळीकडे तोच. या कामाला बेल्जियमच्या अकादमीने गौरवलं आणि 1870 मध्ये ते छापून आलं. तेव्हा एदुआर अवघे चोवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ते लिएज विद्यापीठात शिकवू लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

अर्धं आईचं, अर्धं वडिलांचं

1883 साली त्यांनी आणखी मोठा शोध लावला. यावेळी निवडला घोड्याच्या आतड्यातला जंत. हा चपटा नसून गोल कृमी. त्याच्या पेशीत धाग्यांसारखे भाग अगदी मोजके असतात, त्यामुळे ते मोजता येतात. या धाग्यांना आज आपण गुणसूत्रं म्हणतो, पण तेव्हा हे नावही नव्हतं. ते 1888 मध्ये आलं.

एदुआर यांना दिसलं की अंड्यातून दोन धागे येतात आणि शुक्राणूतूनही दोनच. पहिल्या पेशीत चार होतात. पेशी दुभंगताना प्रत्येक धागा उभा चिरला जातो आणि दोन्ही नव्या पेशींना आई-वडील दोघांचा वाटा मिळतो.

हे वाचताना मी थांबलो. आपल्याकडे अजूनही म्हणतात, बी बापाचं आणि शेत आईचं. म्हणजे वंश बापाचा, आई फक्त पोसणारी. एका जंताच्या अंड्याने ही समजूत दीडशे वर्षांपूर्वीच खोटी ठरवली. आई पोसते हे तर खरंच, पण गुणसूत्रांचा अर्धा वाटाही तिचाच असतो.

एदुआर सगळीकडे बरोबर होते असं नाही. अंडं पक्व होताना आपल्यातला नर भाग बाहेर टाकतं, असं त्यांना वाटायचं. ते चूक निघालं. जर्मनीच्या थिओडोर बोव्हेरी यांनी त्याच जंतावर काम करून हा विषय पुढे नेला. आधी नीट पाहिलेलं टिकलं, घाईने काढलेला अर्थ गळून पडला. मुलांना हेही सांगायला हवं.

एदुआर यांचं 1910 मध्ये लिएज येथे निधन झालं.

वर्गात किंवा घरी काय करता येईल?

1. कोंबडीचं कच्चं अंडं बशीत फोडा. बलकावर छोटा पांढरट ठिपका दिसेल. मुलांना विचारा, यातलं बीज कोणतं आणि शिदोरी कोणती? नंतर हात साबणाने धुवायला सांगा.
2. घरी मासे आणत असतील तर कल्ले उघडून भिंगातून पाहू द्या. प्रत्येक वेळी कृमी दिसेलच असं नाही. मासा नीट शिजवून खाल्ला तर घाबरण्याचं कारण नाही, हेही समजावा.
3. "आपोआप होतं" असं एखादं मूल म्हणालं तर लगेच चूक म्हणू नका. मोठमोठे विद्वानही कधीकाळी तेच म्हणत होते.

त्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात उत्तर दिलं, की जंत अंड्यातून येतो आणि अंडं दुसऱ्या जंताकडून. ती लगेच म्हणाली, "मग सगळ्यात पहिला जंत कुठून आला?"

आता मी पुन्हा वाचायला बसलो आहे. तुमच्या वर्गातही असे प्रश्न आले असतील तर जरूर कळवा.