अंतर ओलांडणारा योद्धा : हेन्री आर्मस्ट्राँग

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, कोलंबस या गावी, १२ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात हेन्री जॅक्सन यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब सेंट लुईस शहरात आले. आईचे छत्र लवकर हरपले आणि आजीने सांभाळ केला. तरुण वयात त्यांनी रेल्वेमार्गावर घण चालवला. मुष्टियोद्ध्यांना मिळणाऱ्या कमाईची बातमी वर्तमानपत्रात वाचून त्यांनी ते काम सोडले, असे ते सांगत. मात्र १९३१ मधील पहिल्याच व्यावसायिक लढतीत ते तिसऱ्या फेरीत गारद झाले. पुढे आर्मस्ट्राँग हे नाव त्यांनी धारण केले आणि त्याच नावाने जग त्यांना ओळखू लागले.

त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट. लांब हातांचा प्रतिस्पर्धी दूर उभा राहून सरळ ठोसे मारतो आणि आखूड हातांचा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. हे अंतर हाच बलवानाचा तट असतो. आर्मस्ट्राँग यांनी तो ओलांडण्याची विद्या कष्टाने साध्य केली. हनुवटी छातीशी, दोन्ही हात चेहऱ्यापुढे आणि मस्तक सतत डावी-उजवीकडे हलते. समोरून ठोसा सुटला की मस्तक त्याच्या बाजूला न्यायचे आणि त्याच क्षणी पाऊल आत टाकायचे. आत शिरल्यावर कपाळ प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याशी टेकवायचे. मग लांब हातांना वळायला जागा उरत नाही आणि आखूड हातांचे ठोसे बरगड्यांवर व जबड्यावर बरसू लागतात. याला लागतो तो अखंड दम. म्हणून लढतीपूर्वीच ते अंगातून घाम निथळेपर्यंत सराव करीत.

२९ ऑक्टोबर १९३७ रोजी पीटी सॅरन यांना सहाव्या फेरीत नमवून ते फेदरवेट गटाचे जगज्जेते झाले. ३१ मे १९३८ रोजी त्यांनी बार्नी रॉस यांच्याकडून वेल्टरवेटचे पद जिंकले. त्या दिवशी रॉस यांचे वजन सुमारे ८ पौंडांनी अधिक होते. अखेरच्या फेऱ्यांत रॉस पुरते थकले, पण माघार घेईनात. तेव्हा आपण हात आवरता घेतला, असे आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितले. ज्याच्याजवळ पोहोचण्यासाठी एवढे ठोसे सोसले, त्याच्यावरच दया करणे सोपे नसते.

१७ ऑगस्ट १९३८ रोजी लू अँबर्स यांच्याशी झालेल्या लढतीत त्यांचे तोंड आतून फाटले. रक्त मंचावर सांडत राहिले तर पंच लढत थांबवणार होते. आर्मस्ट्राँग ते रक्त गिळत पंधराव्या फेरीपर्यंत लढले आणि लाइटवेटचे पदही जिंकले. दहा महिन्यांच्या आत तीन वजनगटांची जगज्जेतेपदे एकाच वेळी एका माणसाकडे आली. त्या काळी एकूण गटच आठ होते.

त्यांच्या पद्धतीला दोषही होता, तो आम्ही झाकून ठेवत नाही. जवळच्या झुंजीत ठोसा कमरेखाली जाण्याचा धोका असतो. १९३९ मध्ये अँबर्स यांच्याशी झालेल्या दुसऱ्या लढतीत अशा ठोशांपायी पंचांनी त्यांच्या पाच फेऱ्या कापल्या आणि लाइटवेटचे पद गेले. पुढच्या वर्षी वेल्टरवेटचे पदही गेले. निवृत्तीनंतर पैसा सरला आणि मद्याने त्यांना ग्रासले. तेथूनही ते सावरले. १९५१ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि पुढील आयुष्यात मुलांसाठी काम केले. ऑक्टोबर १९८८ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

वसतिगृहाच्या दारात प्रथमच उभ्या राहणाऱ्या मुलालाही समोरचे अंतर फार मोठे वाटते. आर्मस्ट्राँग यांचे हात अखेरपर्यंत आखूडच राहिले. त्यांनी फक्त पाऊल आत टाकण्याचा क्षण ओळखला आणि तो रोज घोटून ठेवला. आमच्या मुलामुलींच्या हाती आम्ही हीच शिदोरी देऊ इच्छितो.