वाळीत टाकलेल्यांचा सोयरा : फादर डेमियन

ख्रिस्तजन्माचा सोहळा आज आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी साजरा होत आहे. या मंगल दिवशी त्या धर्मातील एका सेवाव्रती पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. दान करणारे हात जगात पुष्कळ आहेत. परंतु ज्याला दान द्यावयाचे त्याच्याच पंगतीस जाऊन बसणारा विरळा. पैठणच्या नाथमहाराजांची कथा ज्या घरांत भक्तिभावाने ऐकली जाते, तेथे या पंगतीचे मोल निराळे सांगावयास नको. सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावर हीच पंगत मांडणाऱ्या पुरुषाचे नाव फादर डेमियन.

बेल्जियम देशातील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव जोसेफ. वडिलांचा धान्याचा व्यापारही होता आणि पुढे जोसेफने तो सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु थोरल्या भावाने संन्यस्त जीवन पत्करले होते. त्याच्या मागोमाग जोसेफनेही १८५९ साली लूव्हाँ येथील मठात प्रवेश केला आणि डेमियन हे नाव धारण केले. पुढे प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर धर्मसेवेसाठी थोरल्या बंधूंची निवड झाली. पण ऐन निघण्याच्या सुमारास ते तापाने अंथरुणास खिळले. तेव्हा त्यांच्या जागी आपणांस पाठवावे, अशी विनंती तेवीस वर्षांच्या डेमियनने थेट वरिष्ठांकडे केली. ती मान्य झाली. सुमारे पाच महिन्यांचा सागरप्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूस पोहोचले, आणि त्याच वर्षी तेथे त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाईच्या मोठ्या बेटावरील खेड्यापाड्यांत काढली. तेथील लोकांची भाषा ते शिकले. सुताराची हत्यारे हाती घेऊन त्यांनी लहान लहान प्रार्थनामंदिरे उभारली.

त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. बाहेरून आलेल्या रोगांनी तेथील मूळ प्रजा क्षीण होत चालली होती, आणि त्यांतच कुष्ठरोगाचा प्रादुर्भाव झाला. १८६५ साली राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकीर्दीत कायदा झाला आणि रुग्णांना समाजापासून वेगळे काढण्याचे ठरले. मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकाची जागा त्यासाठी निवडण्यात आली. तीन बाजूंस खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारे दोन हजार फुटांचा ताशीव कडा! १८६६ च्या जानेवारीत रुग्णांची पहिली तुकडी तेथील कलावाओ वस्तीत उतरविण्यात आली. पतीपासून पत्नी आणि आईपासून मूल तुटले. काही आप्त मात्र स्वतः निरोगी असूनही आपल्या माणसाच्या सेवेसाठी त्याच्याबरोबर त्या निर्वासनात गेले. त्या अनाम जिवांचे पुण्यही येथे स्मरले पाहिजे.

या वस्तीस कायमचा धर्मगुरू नव्हता. १८७३ साली बिशपांनी विचारणा केली, तेव्हा चौघे तरुण धर्मगुरू स्वेच्छेने पुढे आले. त्यांनी पाळीपाळीने जावे, असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी ते कलावाओस उतरले. वय तेहेतीस वर्षांचे. वस्तीत सहाशेंहून अधिक रुग्ण होते. राहावयास घर नव्हते, म्हणून प्रारंभीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. काही दिवसांतच त्यांनी वरिष्ठांना कळविले की, आपणांस येथेच कायम राहू द्यावे. पाळी संपली, व्रत सुरू झाले.

डेमियन यांस प्रारंभी जखमांची दुर्गंधी सहन होत नसे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ती सुसह्य व्हावी म्हणून ते पाईप ओढू लागले. परंतु पुढे तोच पाईप ते रुग्णांच्या हाती देऊ लागले, आणि अळूचे कंद कुटून केलेले तेथील नित्याचे अन्न त्यांच्याच भांड्यातून खाऊ लागले. ते जखमा धूत, पट्ट्या बांधीत, शवपेट्या तयार करीत आणि थडगी खणीत. रुग्णांच्याच साह्याने त्यांनी नळ टाकून वस्तीत पाणी आणले, झोपड्यांच्या जागी लाकडी घरे बांधली, अनाथ मुलामुलींसाठी निवास उघडले, वाद्यवृंदही उभा केला. स्वभावाने ते हट्टी व तापट होते. औषधे, लाकूड व कपड्यांसाठी ते अधिकाऱ्यांना सतत भंडावून सोडीत आणि त्यामुळे वरिष्ठांची नाराजीही ओढवून घेत.

प्रवचनात ते रुग्णांना उद्देशून बोलताना स्वतःलाही त्यांच्यातच गणीत, आणि हे त्यांनी निरोगी असतानाच आरंभिले होते. १८८४ च्या डिसेंबरात एके दिवशी त्यांचा पाय कढत पाण्यात पडला. कातडी भाजली, वेदना मात्र मुळीच झाली नाही. रोगाने शरीरात ठाण मांडले होते. जे बोलण्यात होते ते आता देहातही उतरले. काम मात्र थांबले नाही. अमेरिकन गृहयुद्धात भाग घेतलेले जोसेफ डटन १८८६ साली त्यांच्या मदतीस आले, आणि १८८८ साली मदर मॅरिअन आपल्या भगिनींसह आल्या. आपल्यामागे सेवा चालू राहील, या समाधानात १५ एप्रिल १८८९ रोजी, ख्रिस्ती लोकांच्या पवित्र सप्ताहातील सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ज्या झाडाखाली पहिल्या रात्री काढल्या, त्याच्याच छायेत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

मृत्यूनंतर त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले गेले. तेव्हा वस्ती प्रत्यक्ष पाहून आलेल्या स्टीव्हन्सन या विख्यात लेखकाने १८९० साली त्यांचा कडक शब्दांत कैवार घेतला. १९३६ मध्ये त्यांचा देह मायदेशी नेण्यात आला. परंतु १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात कलावाओच्या मूळ थडग्यात परत आणून ठेवला. रुग्णांच्या जखमा बांधणारा तो हात त्यांच्याच मातीत विसावला. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले.

डेमियन मोलोकाईस उतरले, त्याच १८७३ साली नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांना या रोगाचा जंतू आढळला होता. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि बहुतेकांच्या अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती निसर्गतःच असते, हेही आता ज्ञात आहे. हवाईतील सक्तीचा विलगवास १९६९ साली संपला. आपल्या महाराष्ट्रातही सेवाग्रामच्या आश्रमात महात्माजींनी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वहस्ते धुतल्या, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन फुलविले. औषधाने देहातील जंतू मरतो. मनातील विटाळ जावयास शेजारी येऊन बसणारे माणूसच लागते. आजच्या सणाच्या ताटावर बसताना, आपल्या पंगतीत कोणाची जागा रिकामी आहे, एवढा विचार प्रत्येक घराने करावा, अशी आमची विनंती आहे.