कवयित्री फिलिस व्हीटली

या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीची ओळख करून द्यावी असे ठरले, तेव्हा मला आठवली ती अमेरिकेतील फिलिस व्हीटली.

1753 च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेत जन्मलेल्या या मुलीला 1761 साली गुलामांच्या जहाजातून बोस्टन बंदरात आणून विकले. पुढचे दुधाचे दात पडलेले, त्यावरून वय सात-आठ ठरवले. जहाजाचे नाव फिलिस आणि विकत घेणारे जॉन व्हीटली. या दोहोंवरून तिचे नाव पडले. आईबापांनी ठेवलेले नाव कायमचे हरपले.

मालकीणबाई सुझॅना यांच्या सेवेसाठी तिला आणले होते. पण तिची बुद्धी पाहून घरच्यांनी तिला शिकवले. सोळा महिन्यांत ती बायबलातील कठीण भाग वाचू लागली. पुढे लॅटिनही शिकली. 1767 साली तिची कविता वर्तमानपत्रात छापून आली.

पुस्तकाला मात्र बोस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. गुलाम मुलगी असे लिहीलच कशी, हा संशय होताच. अखेर 1772 साली गव्हर्नरांसह 18 प्रतिष्ठित पुरुषांनी कविता तिच्याच असल्याबद्दल सह्या केल्या आणि 1773 साली पुस्तक लंडनला निघाले. स्वतःच्या ओळींसाठी परक्यांची साक्ष काढावी लागली, हे वाचून माझे मन विषण्ण झाले.

त्याच वर्षी तिला गुलामगिरीतून मुक्त केले. स्वातंत्र्याचा घोष करीत गुलाम बाळगणाऱ्यांची विसंगती तिने 1774 साली एका पत्रात निर्भीडपणे दाखवली. ते वर्तमानपत्रांत छापले गेले. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तिच्या कवितेबद्दल पत्राने आभार मानले.

पण कौतुकाने चूल पेटत नाही. सुझॅनाबाई 1774 साली वारल्या. 1778 मध्ये फिलिसने जॉन पीटर्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थाशी विवाह केला. संसार ओढगस्तीचा. 1779 साली दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली, पण वर्गणीदारांअभावी ते निघाले नाही. 5 डिसेंबर 1784 रोजी, अवघ्या एकतिशीच्या सुमारास, ती दारिद्र्यात वारली. 2003 साली बोस्टनमध्ये तिचा पुतळा उभारला गेला.

मला वाटते, तिला पुतळ्यापेक्षा त्या वेळी शंभर-दोनशे वर्गणीदार हवे होते. आपल्या ओळखीत एखादी मुलगी लिहीत असेल, तर तिची वाहवा जरूर करावी. पण तिचे पुस्तक पदराला खार लावून विकतही घ्यावे.