घोडा टिपला, नाव निसटले

वऱ्हाडात खरिपाचा हंगाम आटोपला, की शंकरपटाचे वेध लागतात. तळेगाव दशासरच्या पटाला अमरावती-अकोल्याकडची माणसे लोटतात. हलकी दोनचाकी छकडी, तिला जुंपलेली बैलजोडी आणि मागे उठणारा धुरळा! डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जोडी नजरेआड. आता तो क्षण मोबाइलमध्ये टिपायला शंभर हात पुढे होतात. पण बैलाचा कोणता पाय केव्हा उचलला गेला, हे नुसत्या डोळ्याने पाहून कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? घोड्याच्या बाबतीत हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने कॅमेऱ्याने सोडवला. त्याचे नाव एडवर्ड मायब्रिज.

जन्म ९ एप्रिल १८३०, इंग्लंडमधील किंग्स्टन येथला. मूळ आडनाव मगरिज. ते त्याने पुढे स्वतःच बदलले. तरुणपणी अमेरिकेत जाऊन सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पुस्तकांचे दुकान थाटले. १८६० मध्ये टेक्ससमध्ये तो बसलेल्या टपालगाडीचे घोडे उधळले. डोक्याला जबर मार बसला आणि त्यातून सावरायला बराच काळ गेला. पुढे तो छायाचित्रकार झाला. योसेमिटीच्या दऱ्याखोऱ्यांच्या चित्रांनी त्याला नाव मिळवून दिले.

१८७२ मध्ये लेलंड स्टॅनफर्ड यांनी त्याला बोलावले. हे कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर, रेल्वेचे धनी आणि घोड्यांचे शौकीन. दुडक्या चालीत घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. यामागे मोठी पैज होती असे सांगतात. त्याला पुरावा मात्र नाही. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून चित्र घ्यावे लागे. पळत्या घोड्याची केवळ पुसट आकृती उमटे.

काम अर्धवट असतानाच घरात वादळ उठले. मूल आपले नसावे, या संशयाने १८७४ मध्ये मायब्रिजने पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. पुढे काही महिन्यांतच पत्नी वारली आणि लहानगा मुलगा अनाथाश्रमात वाढला. एका घोड्याची चाल समजून घ्यायला वर्षे वेचणाऱ्या या माणसाला घरातल्या पोराची माया मात्र लागली नाही. त्याची थोरवी सांगताना हे झाकून ठेवता येत नाही.

१५ जून १८७८ रोजी पालो आल्टोच्या धावपट्टीवर पत्रकारांना बोलावण्यात आले. एका बाजूला बारा कॅमेरे ओळीने मांडलेले, समोर पांढरी भिंत, जमिनीलगत तारा. घोड्यामागे एकाच माणसापुरती दोनचाकी गाडी. गाडीचे चाक तारेवरून गेले की विजेचा प्रवाह सुरू होई आणि त्या-त्या कॅमेऱ्याचे झाकण क्षणभर उघडे. ही विजेची योजना जमवण्यात जॉन आयझॅक्स या रेल्वेच्या अभियंत्याचा मोठा हात होता. पळती गाडी अशी स्वतःच स्वतःचे चित्र काढीत गेली! चारही पाय अधांतरी असल्याचा क्षण काचेवर उमटला. चौखूर उधळलेल्या घोड्याची चित्रेही घेतली, तेव्हा पाय सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, असे दिसले. पुढचे-मागचे पाय ताणून पळणारे घोडे रंगवणारे चित्रकार चुकले होते.

पण १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांच्या पैशाने डॉ. स्टिलमन यांचे ग्रंथरूप विवेचन निघाले, तेव्हा मुखपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते. त्यामुळे लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापण्याचे थांबवले. त्याने दावा लावला, तोही फेटाळला गेला. तरी तो खचला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने माणसे आणि जनावरे यांच्या हालचालींची हजारो चित्रे घेतली. १८८७ मध्ये त्यांचे ७८१ चित्रफलक प्रसिद्ध झाले. फिरत्या काचेच्या चकतीवरून पडद्यावर घोडा दौडवणारे यंत्र तर त्याने १८७९ मध्येच तयार केले होते. ल्युमिए बंधूंचा सिनेमा १८९६ मध्ये मुंबईत आला, १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्या वाटेवरचे एक पाऊल मायब्रिजचे होते.

८ मे १९०४ रोजी तो किंग्स्टनलाच वारला. ज्या माळावर घोडे पळाले, तेथे स्टॅनफर्ड यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे. मायब्रिजच्या स्मृतिशिलेवर नाव कोरले गेले, तेही चुकीचे: मेब्रिज.