व्यासपीठ घडविणारा न्यायमूर्ती

संध्याकाळी सभागृहात जमायचे, तासाभराचे व्याख्यान ऐकायचे, आणि घरी परतताना त्यावर वाद घालायचा, ही सवय मराठी शहरांच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. वक्ता कधी शास्त्रज्ञ असतो, कधी कादंबरीकार, कधी स्वतःच्या आयुष्याला वळण लावणारा एखादा उद्योजक. ठाणे, कल्याण, डोंबिवलीपासून नागपूरपर्यंत व्याख्यानमालांचे हे हंगाम वर्षानुवर्षे भरत आले आहेत. मात्र ही सवय आपोआप लागलेली नाही. ती लावण्यासाठी ज्यांनी आयुष्याची तीस वर्षे वेचली, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे स्वतः फर्डे वक्ते नव्हते. आवाजात चढउतार नाही, विनोदाची पेरणी नाही, हातवारे तर नाहीतच. तरीही एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला ऐकण्याची आणि ऐकलेल्यावर विचार करण्याची शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडेच जाते.

निफाड ते मुंबई

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली; त्या पहिल्या तुकडीत रानडे होते. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी, अशा पायऱ्या त्यांनी झपाट्याने ओलांडल्या. वाचनाचा ध्यास इतका की त्यापायी डोळ्यांचा विकार जडला आणि तो अखेरपर्यंत सोबत राहिला.

मुंबईतील त्या वर्षांत त्यांच्या मनावर एक गोष्ट ठसली. नव्या शिक्षणाचा लाभ मूठभर तरुणांना होत होता. कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या व्यापाऱ्यापर्यंत, कारकुनापर्यंत, घरातील स्त्रीपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नव्हते. पुस्तके महाग होती आणि बहुतेक इंग्रजीत होती. हे ज्ञान बोलीतून, समोरासमोर बसून सांगण्याला पर्याय नव्हता. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या उपासनेत ते पुढे नियमितपणे प्रवचने करू लागले. धर्म हा विषय असला, तरी भर असे तो माणसाच्या अंतःकरणाच्या जडणघडणीवर. तुकोबांचा अभंग घ्यायचा आणि त्याच्या आधारे संयम, कृतज्ञता, आत्मपरीक्षण यांचा विचार मांडायचा, ही त्यांची पद्धत होती. ही प्रवचने पुढे धर्मपर व्याख्याने म्हणून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

पुण्यातील पहिली व्याख्याने

नोव्हेंबर १८७१ मध्ये रानडे प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेची स्थापना आदल्याच वर्षी झाली होती. रानडे सरकारी नोकर असल्याने सभेचे पदाधिकारी होऊ शकत नव्हते. पण सभेमागची बुद्धी त्यांचीच आहे, हे पुण्यात सर्वांना ठाऊक होते.

याच सुमारास, १८७२-७३ मध्ये, त्यांनी पुणेकरांसमोर व्यापार या विषयावर मराठीत व्याख्याने दिली. विषय वरवर रुक्ष होता. कापूस येथून परदेशी जातो, तेथील गिरण्यांत त्याचे कापड होते आणि तेच कापड आपण चढ्या दराने विकत घेतो. या फेऱ्यात गावातील विणकराच्या हातचे काम जाते आणि तो शेतीवर ओझे होऊन बसतो, हा हिशेब त्यांनी श्रोत्यांपुढे मांडला. त्यात कोणाविरुद्ध चिथावणी नव्हती. होती ती कारणांची आणि परिणामांची साखळी.

या विचारांचा परिणाम मात्र कोरडा नव्हता. सार्वजनिक काकांनी देशी कापडच वापरण्याचे व्रत घेतले आणि ते मरेपर्यंत पाळले. श्रोत्यांमध्ये लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके हेही होते. देशाच्या दारिद्र्याची मीमांसा ऐकून त्यांनी वेगळाच निष्कर्ष काढला आणि १८७९ मध्ये सशस्त्र बंड उभारले. ज्या व्याख्यानातून एकाला चरखा सुचला, त्यातूनच दुसऱ्याला बंदूक सुचली. सरकारची नजर साहजिकच रानड्यांवर वळली. त्याच वर्षी त्यांची धुळ्यास तडकाफडकी बदली झाली आणि काही काळ त्यांच्या पत्रव्यवहारावरही पाळत राहिली. त्यांनी तक्रार केली नाही आणि बोलणेही थांबविले नाही.

वसंत व्याख्यानमाला

१८७५ मध्ये रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. कोर्टकचेऱ्यांना आणि कॉलेजांना सुटी असण्याचे ते दिवस. बाहेरगावी असलेली मंडळीही घरी परतलेली. अशा वेळी रोज एक विषय, एक वक्ता आणि एक अध्यक्ष, अशी साधी रचना होती. इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान, साहित्य, समाजसुधारणा, कोणताच विषय वर्ज्य नव्हता. एखादा विषय ज्याला पुस्तकातून समजून घेण्यास महिना लागला असता, त्याला त्याचा गाभा एका संध्याकाळी मिळावा, ही त्यामागची दृष्टी होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला न पटणारे मत शांतपणे ऐकून घेण्याचा तो सराव होता. पुण्याला या सरावाची किती गरज होती, हे त्याच वर्षी दिसून आले. स्वामी दयानंद सरस्वती १८७५ मध्ये पुण्यात आले आणि त्यांची व्याख्याने झाली. समारोपाला त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी त्यांची विटंबना करणारी दुसरी मिरवणूक काढली आणि दगड-चिखलाचा मारा केला. स्वामींच्या मिरवणुकीत जोतिराव फुले यांच्यासह रानडेही पायी चालत होते. अंगावर चिखल उडाला तरी त्यांनी फिर्याद केली नाही. न्यायाधीशाच्या पदावर असलेल्या माणसाला ते सहज शक्य होते.

साहित्यिक आणि कारागीर

लेखन हे एकांतातील काम असले, तरी लेखकांनी एकत्र बसून बोलल्याखेरीज भाषेची वाढ होत नाही, असे रानड्यांचे मत होते. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासह त्यांनी मे १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरविले. आज ज्याला आपण मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची ही सुरुवात. १८८५ मध्ये दुसरे संमेलन भरले, तेव्हा जोतिराव फुले यांना निमंत्रण गेले. फुल्यांनी रानड्यांना पत्र लिहून ते नाकारले. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

रानड्यांच्या साऱ्या उपक्रमांवरील हा सर्वांत बोचरा आक्षेप होय. सभागृह सर्वांना खुले आहे असे म्हटले, तरी त्याच्या दारापर्यंत येण्याची सवड, शिक्षण आणि प्रतिष्ठा कोणाजवळ होती? व्याख्यान ऐकणारा वर्ग पांढरपेशा होता, आणि बोलणाराही त्याच वर्गातील. रानड्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १८८१ पासून त्यांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कर्जनिवारण कायद्याच्या अंमलबजावणीचे काम पाहिले. त्यानिमित्त पुणे, सातारा भागातील गावागावांत त्यांची फिरती झाली आणि सावकाराच्या कागदावर आंधळेपणाने अंगठा उठविणारा कुणबी त्यांनी जवळून पाहिला. त्याच्यासाठी त्यांनी निकालपत्रे लिहिली, लेख लिहिले. पण त्याला श्रोता म्हणून बसविणारे व्यासपीठ त्यांच्या हातून उभे राहिले नाही.

उद्योग आणि यंत्रविद्येच्या बाबतीत त्यांचा विचार काळाच्या पुष्कळ पुढे होता. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरू लागली. या परिषदेत रानड्यांनी वाचलेले निबंध आजही वाचनीय आहेत. १८९२ च्या निबंधाचा विषय होता लोखंडाचा उद्योग. देशात उत्तम लोखंड होते, ते गाळणारे कारागीर होते. मग आधुनिक भट्ट्या उभारण्याचे प्रयत्न का फसले, याची त्यांनी चिकित्सा केली. इंधनाची टंचाई, अपुरे भांडवल, माहीतगार तंत्रज्ञांचा अभाव आणि सरकारचे धरसोडीचे धोरण ही कारणे त्यांनी पुढे ठेवली. नव्या उद्योगाला आरंभी सरकारने हात दिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, युरोपात तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. टाटांची पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. तोपर्यंत रानडे हयात नव्हते.

उक्ती आणि कृती

व्याख्यान देणाऱ्याला एक प्रश्न कधीच चुकत नाही: जे बोलता, ते तुम्ही स्वतः करता का? रानड्यांच्या वाट्याला हा प्रश्न अत्यंत कठोर रूपात आला. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले, तेव्हा ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. रानडे बत्तिशीत होते. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर जन्मभर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती.

त्यांनी स्वतःचे समर्थन करीत बसण्याऐवजी पत्नीच्या शिक्षणाला आरंभ केला. अक्षरओळखही नसलेल्या रमाबाई घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून मराठी आणि मग इंग्रजी शिकल्या. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी जाहीर सभेत गव्हर्नरांसमोर वाचले. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा शाळा सुरू झाली. पतीच्या निधनानंतर रमाबाईंनी पुणे सेवासदनाचे काम उभारले आणि १९१० मध्ये आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. घरातील एका व्यक्तीच्या वाढीचा इतका प्रांजळ आलेख त्या काळच्या मराठीत दुसरा क्वचितच सापडेल.

दुसरा कसोटीचा प्रसंग १८९० मधील. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमास गेलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. कोणी प्याले, कोणी कप बाजूला सरकविला. पण उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि ग्रामण्य माजले. रानडेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपल्या मित्रांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना बहिष्काराचा जाच होऊ नये, हा त्यांचा हेतू होता. पण सुधारक पक्षाला तो पराभव वाटला. न पटणारी माघार घेऊन समाजाला सोबत ठेवायचे की एकटे पुढे जायचे, या पेचातून रानडे कधीच पूर्णपणे सुटले नाहीत.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानड्यांची मुंबई उच्च न्यायालयात नेमणूक झाली. १८८७ मध्ये मद्रास येथे सुरू झालेली सामाजिक परिषद त्यांनी प्रकृती साथ देईपर्यंत दरवर्षी चालविली. १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

जानेवारी १९४३

रानड्यांचे मूल्यमापन त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी पुन्हा झाले, तेही एका व्याख्यानातच. देशात तेव्हा छोडो भारत आंदोलनाचा वणवा पेटलेला होता. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेखाली, सिद्धगडाच्या आश्रयाला भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता होता. कोतवाल माथेरानचे. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने आधी खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांसाठी शाळा चालविल्या होत्या आणि सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून धान्यकोठ्या उभारल्या होत्या. ज्या कुणब्याला रानड्यांच्या सभागृहात जागा मिळाली नव्हती, त्याच्या दारी कोतवाल स्वतः गेले होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

त्यानंतर सोळा दिवसांनी, १८ जानेवारीला, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये रानड्यांच्या १०१ व्या जयंतीची सभा झाली. रानड्यांनीच १८९६ मध्ये स्थापन केलेल्या डेक्कन सभेने ती आयोजित केली होती. वक्ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. थोर पुरुष कोणाला म्हणावे, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली आणि रानड्यांना त्या कसोटीवर घासून पाहिले. सरकारशी झुंजण्यापेक्षा आपल्याच समाजाशी झुंजण्याला अधिक धैर्य लागते, कारण तेथे तुरुंगाबाहेर हारतुरे घेऊन कोणी उभे नसते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. रानड्यांनी सुरू केलेल्या परंपरेत, रानड्यांच्याच संस्थेच्या व्यासपीठावर, त्या काळी ज्यांना दारातही उभे राहू दिले नसते अशा समाजातील विद्वान त्यांची चिकित्सा करीत होता. फुल्यांच्या पत्राला दिलेले उशिराचे का होईना, पण हे एक उत्तर होते.

वसंत व्याख्यानमालेच्या आरंभाला २०२५ मध्ये दीडशे वर्षे झाली. आता विद्वानाचे भाषण हातातील मोबाइलवर केव्हाही ऐकता येते. परंतु अनोळखी माणसांशेजारी बसून, मध्येच उठून न जाता, न पटणारे ऐकण्याची सवय मोबाइल लावू शकत नाही. रानड्यांनी महाराष्ट्राला ती सवय लावली. सभागृहाचे दार कोणासाठी उघडे आहे, हा फुल्यांचा प्रश्न मात्र प्रत्येक आयोजकाने दरवर्षी स्वतःला नव्याने विचारावा असा आहे.